घासाघीस

एस्पेरान्साच्या बाहेर, दूध संघाच्या रस्त्याला लागून
एर्मीनियो झुर्ब्रिगेनची पत्र्याची शेड.
आत ताडपत्रीखाली लेथ.
ताडपत्री त्याने एकदम ओढली नाही.
आधी टेलस्टॉक, मग बेड, चक सगळ्यात शेवटी,
आणि मी खिशातले हात खिशातच ठेवले.
आवडलंय हे पहिल्या मिनिटात दिसलं
तर भाव तिथल्या तिथे दोनशेने चढतो.

'चोवीसशे डॉलर.'
पेसोत सांगितला असता तर आकडा
सुनेची किटली तापेपर्यंत शिळा झाला असता.

मी बोलले नाही. वाकले.
बेडवरून नख फिरवलं,
नखाला कळतं ते चष्म्याला कळत नाही.
चकपासून वीतभर अंतरात नख किंचित उतरलं
आणि पुन्हा चढलं.
सॅडल तिथे डुगडुगत होतं,
टेलस्टॉककडे ढकललं तर हलेना.
मग इथलं लोखंड गेलं कुठे?

'बुश,' तो म्हणाला.
'दूध काढायच्या यंत्राचे. पितळी. करंगळीएवढे.
एकतीस वर्षं. दुसरं काही कुणी मागितलंच नाही.'
आणि खरंच, वीतभर सोडली तर
बेड कोरा होता, कारखान्यातल्या खरवडीचे खवले
अजून माशासारखे चमकत होते.
एवढ्या लांब यंत्रावर
माणूस एवढाच राहिला.

सळई बांधली, हलका काप घेतला.
कीस निळा निघाला, गुंडाळत खाली पडला.
मायक्रोमीटर या टोकाला, मग त्या टोकाला.
चार शतांशाचा फरक.
'सुतासारखी सरळ नाही,' मी म्हणाले.
'कोण आहे?' तो म्हणाला.

भाऊ म्हणतो चिनी घे, नवं घे,
हप्त्यावर मिळतं, रंगाचा वास येतो अजून.
भावाला शाफ्ट राफाएलाला पाठवून
तीन तीन आठवडे वाट बघायला लागत नाही.
गोठ्यातल्या गाई माझ्या नावाने हंबरत नाहीत
असं त्याला वाटतं.

क्रॉस स्लाइडचं हँडल पाव फेरा नुसतंच फिरतं,
टूल जागचं हलत नाही.
जुन्या स्क्रूला एवढी ढील असायचीच.
ज्याला माहीत आहे तो आधी मागे येतो, मग पुढे जातो,
मग मापावर थांबतो.

'सोळाशे,' मी म्हणाले.
त्याने टोपी काढली. आत बघितलं. परत घातली.
हाही पाव फेरा.
'तेवीसशे, आणि चार जबड्यांचा चक देतो.'
'तो चक लेथचाच आहे.'
'होता. काल वेगळा केला.'
मग नोएमी माते घेऊन आली, एकच पेला, एकच नळी,
आळीपाळीने ओढताना
कुणालाच आकडा उच्चारता येईना.

शेवटी दोन हजारांवर जीभ दोघांची अडकली
आणि मी बिस्किटाचा डबा उघडला.
वीस नोटा पिंपावर मांडल्या.
त्यातल्या तीन त्याने बोटाने बाजूला सारल्या.
छोट्या चेहऱ्याच्या, जुन्या. बँकही नाक मुरडते,
दलाल पाच टक्के कापतो.
'चेहरा जुना असला म्हणून काय,' मी तावातावाने म्हणाले,
'किंमत छापलीय ती छापलीय, थोडी घासलीय इतकंच!'

तो हसला नाही. हेच वाईट.
लेथवर हात ठेवला, बरोबर त्या वीतभर जागेवर,
आणि विचारलं,
'मग मघापासून तू काय म्हणत होतीस?'

तीनही नोटा घेतल्या त्याने, पूर्ण किमतीला.
मी साठ डॉलर वर ठेवले.
का ठेवले ते भावाला सांगितलेलं नाही.

क्रेन उशिरा आली.
तोवर चकची किल्ली माझ्या हातात होती,
थंड, वजनदार,
आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं
की माझ्याकडची कामंही सगळी आखूडच येतात,
बुश, पिन, कडी.
जेमतेम वीतभर.